जावयाचा दट्ट्या

माझं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालतं. नांदेडच्या कोषागारात मी बिलं तपासतो. बिलात चूक सापडली की त्यावर आक्षेप लिहायचा आणि बिल परत पाठवायचं, हे माझं काम. लोक तोंडावर ‘साहेब, साहेब’ करतात आणि पाठ फिरली की काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. चूक दाखवणाऱ्यानं शिव्या खायच्या, हे ठरलेलंच आहे. वाईट वाटलं ते याचं, की माझ्या स्वतःच्या चुका एका माणसाला वर्षानुवर्षं दिसत होत्या आणि त्यानं त्यातली एकही मला सांगितली नाही. तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो.

मामा लातूरचे. आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवण्यात त्यांची सगळी हयात गेली. रिटायर झाल्यावर घरामागं पत्र्याचं शेड मारून त्यांनी त्यात एक जुनं लेथ मशीन बसवलं. धंद्यासाठी नव्हे, हौसेसाठी. हाताला सवय होती, ती मोडायला नको म्हणून, असं ते म्हणायचे.

जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, पण सासुरवाडीला गेलेल्या ग्रहाला दिवसभर करायला काही नसतं. जेवायचं, लोडाला टेकून बसायचं, परत जेवायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी कंटाळून शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, धरलेला पितळेचा तुकडा गरागरा फिरत होता आणि मामा हळूहळू कापायचं टूल पुढं नेत होते. काळपट तुकड्याच्या आतून लखलखीत पितळ बाहेर येत होतं. मी बघतच राहिलो. मामांनी मशीन थांबवलं, बाजूला झाले आणि म्हणाले, “घ्या, जावईबापू. फिरवा हँडल.”

त्या दिवशी मी कपाटाच्या दाराला लावायची एक मूठ केली. मामांनी ती उजेडात धरून सगळीकडून पाहिली. “झकास! जावईबापू, तुमच्या हाताला गुण हाय.”

हे वाक्य माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. माझे वडील मला लहानपणापासून ‘याच्या हाताला भोकं आहेत’ म्हणायचे. सायकलची चेन बसवायला घेतली की ते येऊन मला बाजूला करत. खिळा ठोकायला घेतला की हातोडी काढून घेत. पाहुण्यांसमोर हसत हसत सांगत, की याला पेन सोडून दुसरं काही धरता येत नाही. ते गेले तोवर त्यांचं मत तेच होतं आणि माझंही. आणि आता ज्यानं शेकडो पोरांचे हात पाहिले होते तो माणूस सांगत होता की माझ्या हाताला गुण आहे. मी ती मूठ खिशात घालून नांदेडला आणली. कपाटाला ती कधी लावलीच नाही, नुसती टेबलावर ठेवली.

पुढं मामांनीच मुदखेडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून माझ्यासाठी लहानसं जुनं मशीन हुडकून काढलं. स्वतः टेम्पोत बसून आले. माझ्या मागच्या अंगणात काँक्रीटचं बूड करून घेतलं, पाणसळ लावून मशीन बसवलं, मोटार जोडली आणि नारळ फोडला. बायको म्हणाली, “घरात धुणं धुवायचं मशीन नाही आणि हे आलं.” मी हसलो. त्या दिवशी मला काहीही हसवू शकलं असतं.

मग माझे सगळे रविवार तिथंच गेले. इतवारा बाजारात जाऊन जुनं पितळ, लोखंडाचे तुकडे धुंडाळायचे, घरी आणून फिरवायचे. दिवे केले, लाटण्याच्या मुठी केल्या, देवघराचे खांब केले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचायची तेव्हा माझ्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला एखादा नग असायचाच. घरात पाऊल टाकलं की आधी शेडमध्ये. मामा नग हातात घ्यायचे, फिरवायचे आणि म्हणायचे, “झकास.” त्यानंतर मी चहा प्यायचो.

शेडमध्ये मामांच्या जोडीला बहुतेक वेळा माझा मेव्हणा असायचा. त्याचं रेणापूर रोडला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. लहानसहान शाफ्ट, बुश करायला तो वडिलांच्या मशीनवर येतो. लेकरांचा बाप झालाय, पण मामा त्याला अजून आयटीआयच्या पोरासारखं झापतात, तेही माझ्यासमोर. मी एकदा खरबरीत झालेला दिवा दाखवला होता. मामा मला झकास म्हणाले आणि लगेच मागं वळून त्याच्यावर ओरडले, “टूलला धार न्हाई लावत का तू? फेकून दे ते!” तो मान खाली घालून “हाव बाबा” म्हणाला. मला त्याची दया आली. जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “दाजी, तुम्ही नशीबवान. तुम्हाला कधी बोलत न्हाईत.” मी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मग आला सोऱ्या. मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उन्हाळ्यात कुरडया घालायला मोठा सोऱ्या हवा होता. बाजारातले पत्र्याचे त्यांना पसंत नव्हते. मामा म्हणाले, आपण पितळेचा करू, जावईबापू आणि मी मिळून. नळकांडं आणि वरचा स्क्रू त्यांनी करायचा, आतला दट्ट्या मी. दट्ट्याचं काम नाजूक असतं. नळकांड्यात तो अडकायलाही नको आणि सैलही नको. सैल झाला तर गव्हाचा चीक खाली जाळीतून उतरायचं सोडून कडेनं वर चढतो. मामांनी माप लिहून दिलं. मी दोन महिने त्या एका दट्ट्याशी झटलो. शेवटच्या दिवशी टूल घसरून त्याच्या वरच्या अंगाला एक आडवा ओरखडा पडला. तो काही केल्या जाईना. मामांनी तो पाहिला आणि म्हणाले, “असू द्या. कामाला काय आडवा येतोय? झकास हाय.”

सोऱ्या गल्लीत गाजला. कुरडयांच्या दिवसांत तो घरोघर फिरायचा आणि मामी प्रत्येकीला सांगायच्या, “आमच्या जावईबापूंच्या हातचा हाय.” फोनवर हे ऐकलं की मी ऑफिसात दिवसभर कुणाच्या बिलावर आक्षेप काढायचो नाही. म्हणजे काढायचो, पण प्रेमानं.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावई म्हणजे नारायण, त्याला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, कपडे करायचे. नारायण वेळेवर लातूरला हजर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी कुरडयांचा घाट घातला होता. शेजारच्या बायका आल्या, चीक शिजून तयार झाला आणि सोऱ्याचं हँडल फिरेना. मागच्या वेळचा चीक आत वाळून बसला होता. मामा नेमके बाजारात गेले होते, माझेच कपडे आणायला. चीक गरम असतानाच घालावा लागतो, गार झाला की संपलं. मी उठलो.

“राहू द्या जावईबापू,” मामी म्हणाल्या, “हे येतील आत्ता.”

“अहो मामी, दट्ट्या माझाच आहे. मला नाही कळणार तर कुणाला?”

मामींनी सोऱ्या मागं घ्यायला हात पुढं केला. मी सोऱ्या घेऊन शेडमध्ये गेलो, स्क्रू उलटा फिरवून दट्ट्या बाहेर काढला आणि फडक्यानं पुसला. वरच्या अंगाला ओरखडा नव्हता. मी परत पुसला. उन्हात नेऊन बघितला. अंग आरशासारखं गुळगुळीत, कडा एकसारखी. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालंच नव्हतं, आणि हे मला त्या क्षणी कळलं, हीच तर गंमत.

मेव्हणा दारात येऊन उभा राहिला होता. मी म्हणालो, “हा माझा नाही.”

तो दार लोटून आत आला. मग म्हणाला, “बाबांनी बदललाय, दाजी. मागंच.”

“मागं म्हणजे कधी?”

“तुम्ही देऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. चीक वर यायला लागला व्हता.”

“आणि माझा कुठंय?”

त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं. मी सरळ तिकडं गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावई असल्यानं सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात मी कधी गेलो नव्हतो, पान बाहेरच यायचं. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, त्यावर झाकण आणि झाकणावर माझा दट्ट्या. ओरखड्यासकट. मांजरानं झाकण पाडू नये म्हणून ठेवलेलं वजन. दोन महिने खपून मी लातूरच्या एका मांजराचा बंदोबस्त केला होता.

मी तो उचलला नाही. शेडमध्ये परत आलो, आतला वाळलेला चीक खरवडून मामांचा दट्ट्या सोऱ्यात बसवला आणि बायकांना दिला. कुरडया सुरेख पडल्या. एक शेजारीण म्हणाली, “जावई गुणाचा हाय हो.” मामी माझ्याकडं बघत नव्हत्या.

दुपारी ओवाळणं झालं. जेवणं झाल्यावर मी बायकोला गच्चीवर गाठलं. वाळत घातलेल्या कुरडयांवर ती फडकं पसरत होती.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“दट्ट्याचं.”

ती फडक्याचे कोपरे दगडाखाली दाबत राहिली. “दट्ट्याचंच असं नाही,” ती म्हणाली. “देवघराचे खांबही बाबांनी नव्यानं केले होते. वाकडे उभे राहत होते ते.”

“आणि दिवे?”

“अहो, तुम्ही किती खूश असायचा. बसमध्ये रुमाल मांडीवर घेऊन बसायचा. मी काय सांगणार होते?”

मला राग आला. नुसता राग नाही, मला फसवलं गेलंय असं वाटलं, आणि तेही साखर लावून. सगळ्या घराला ठाऊक होतं. मामींना, मेव्हण्याला, माझ्या शेजारी झोपणाऱ्या बायकोला. मी दारातून आत आलो की सगळे मिळून एक नाटक करत होते आणि त्यात प्रेक्षक मी एकटाच होतो. माझे वडील निदान तोंडावर बोलत. त्यांनी हातोडी काढून घेतली तेव्हा ती घेतलीय हे मला दिसायचं. इथं हातात देऊन काढून घेतली होती.

संध्याकाळी मी मामांना शेडमध्ये विचारलं. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढलाच.

मामा स्टुलावर बसले. हातातल्या फडक्याला हात पुसले. म्हणाले, “जावईबापू, ज्या घरी लेक दिली त्या घरच्या माणसाच्या कामाला नावं ठेवायची आमच्यात रीत न्हाई.”

“मी घर नाही दाखवत मामा, दट्ट्या दाखवतोय.”

“ते खरं. पन जीभ उचलत न्हाई.”

“मग शिकवलंत कशाला?”

“तुम्ही लई आवडीनं बघत व्हता,” ते म्हणाले.

मी एवढंच म्हणालो, की मला तुमच्या आयटीआयमधला पोरगा समजा. ओरडा. फेकून द्या. पण खरं सांगा. मामांनी बराच विचार करून मान हलवली. “बरं. आता सांगीन. ठरलं.”

नांदेडला आल्यावर मी काही दिवस मशीनवरचा कपडा काढला नाही. मग एका रविवारी काढला. पितळेचा नवा तुकडा आणला आणि तोच दट्ट्या पुन्हा करायला घेतला, त्याच मापाचा. तुकडा लांब होता म्हणून एका टोकाला चकात आणि दुसऱ्या टोकाला सेंटरचा, म्हणजे मागच्या टोकदार कण्याचा, आधार देऊन फिरवला. या वेळी कुणी झकास म्हणायची वाट पाहिली नाही. बिल तपासावं तसा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, घेऊन तपासला. आक्षेप लगेच सापडला. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. निमुळता होत जातोय, टर्नर लोक ज्याला टेपर म्हणतात तो. आणखी कापला, टेपर तसाच. टूल बदललं, तरी तसाच. मोबाइलवर शोधलं असतं तर कारण सापडलंही असतं. पण मला ते मोबाइलकडून नको होतं. ज्या माणसानं मला फसवलं, त्याच्याच तोंडून मला एकदा खरं ऐकायचं होतं. दट्ट्या बरोबर होण्यापेक्षा ते मला जास्त हवं होतं. तो वाकडा दट्ट्या मी तसाच रुमालात गुंडाळला आणि लातूरची बस धरली.

शेडमध्ये मामा होते आणि मेव्हणाही. तो मोटारीचा एक शाफ्ट नुकताच मशीनवरून उतरवत होता. मी रुमाल सोडून दट्ट्या मामांच्या हातात दिला. म्हटलं, “बघा. ठरलंय आपलं.”

मामांनी तो दोन बोटांत फिरवला. मग अंगठा खालून वर नेला. मध्येच अंगठा थांबला. मी ते पाहिलं. त्यांना कळलं होतं, व्हर्नियर न लावता कळलं होतं. मी वाट बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, “झकास झालाय.”

मी काही म्हणायच्या आत ते गर्रकन वळले. मेव्हण्याच्या हातातला शाफ्ट हिसकावला आणि कडाडले, “टेपर काढलास ना परत? कितीदा सांगायचं? मागचा सेंटर सरकलाय का न्हाई ते कोण बघनार, तुझा सासरा? आधी दोन्ही टोकं मोजायची. फरक आला की सेंटर सरळ रेषेत आनायचा. मग शेवटचा कट घ्यायचा! जन्मभर टेपर काढत बसनार हाईस का? पुन्हा कर!”

“हाव बाबा,” मेव्हणा म्हणाला. नेहमीसारखीच त्यानं मान खाली घातली.

मामांनी बाकावर टाकलेला तो शाफ्ट मी उचलला आणि व्हर्नियर लावला. हे टोक मोजलं, ते टोक मोजलं. दोन्हीकडं आकडा एकच. शाफ्टमध्ये टेपर नव्हता. काहीच नव्हतं, तो निर्दोष होता. मी मेव्हण्याकडं पाहिलं, त्यानं मान वर केली नाही.

लेकी बोले, सुने लागे. लहानपणापासून ही म्हण ऐकतोय. सुनेला तोडून बोलता येत नाही म्हणून लेकीला रागवायचं आणि सुनेनं समजून घ्यायचं. मामांनी मला फसवलं नव्हतं, ते मला सांगतच होते. खरबरीत दिव्याच्या दिवशी टूलला धार लाव म्हणाले होते, ते मला. त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या शिव्या माझ्याच होत्या. मी चहा पीत होतो आणि माझ्या वाटणीचं दुसरा माणूस खात होता, तोंडातून शब्द न काढता, आणि वर मला नशीबवान म्हणत होता. कळल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला उलट अधिकच एकटं वाटलं. टेपर का येतो ते मला आता माहीत झालं होतं, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्याचं ओरडणं भिंतीआडून ऐकावं तसं ते ऐकलं होतं. इतक्या वर्षांत या शेडमध्ये मला कुणी एकदाही आत घेतलं नव्हतं.

“मामा,” मी म्हणालो, “हे मला सांगा. त्याला नको. माझ्याकडं बघून सांगा.”

मामांच्या हातात माझा दट्ट्या तसाच होता. त्यांनी तो जपून रुमालावर ठेवला, रुमालाच्या घड्या घातल्या. वर पाहिलं ते मेव्हण्याकडं.

“उभा काय राहिलास?” ते त्याला म्हणाले. “हात धू, आन आईला सांग, जावईबापूंचं पान वाढ म्हनावं.”